योजनेत न बसणारे चालणे

मराठीत 'उपचार' या शब्दाला दोन अर्थ आहेत. आजारावर केला जातो तो उपचार, आणि केवळ रीत म्हणून पार पाडला जातो तोही उपचारच. हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचा प्रत्यय मला मावशीच्या आजारपणात आला.

मावशी बहात्तर वर्षांची. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या गावी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. एक पैसा द्यावा लागला नाही. आरोग्यमित्राने कागदपत्रांसाठी मनापासून धावपळ केली. सातव्या दिवशी मावशीला घरी सोडले. सोबत दिलेल्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती: 'फिजिओथेरपी चालू ठेवावी.' ती कोणी द्यायची, कुठे द्यायची आणि तिचे पैसे कोणी भरायचे, याबद्दल कागद मूक होता.

पुढचा आठवडाभर मी योजनेचे कार्ड खिशात घालून तालुक्याच्या गावात फिरलो. दोन दवाखान्यांत 'इथे कार्ड चालत नाही' एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणच्या तरुण फिजिओथेरपिस्टने मला बसवून घेतले आणि समजावले, "काका, मला योजनेत यायचं म्हटलं तरी दार कुठे आहे? करार होतो रुग्णालयांशी. माझ्याकडे खाट एकच, आणि तीही व्यायामाची."

त्याचे म्हणणे खरे होते. राज्याची ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण हा आकडा आता सर्वांना पाठ आहे. पण हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचे आहे. घरी सोडल्यानंतरचे मोजके दिवस औषधे आणि तपासणी मिळते. पुढे हिशोब बंद होतो. मोडलेल्या खुब्याचा हिशोब मात्र तिथेच सुरू होतो. हाड जोडणे हे काही तासांचे काम. त्या पायावर पुन्हा भार टाकायला शिकणे हे काही महिन्यांचे. व्यायाम झाला नाही तर स्नायू झिजतात, सांधा आखडतो आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला शय्याव्रण नि न्यूमोनिया गाठतात.

सरकारी व्यवस्थेत भौतिकोपचार नाहीच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचार कक्षाची तरतूद आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. आमचे जिल्हा रुग्णालय घरापासून चाळीस किलोमीटरवर. आठवड्यातून तीन वेळा, वॉकर घेऊन, एसटीने. २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झाले खरे, पण गाडीच्या पायरीची उंची होती तेवढीच राहिली. चालायला शिकायला जाण्यासाठी आधी चालता आले पाहिजे, अशी ही गंमत आहे.

यावर शासनाच्या बाजूने एक आक्षेप घेता येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शस्त्रक्रियेचा पुरावा असतो: क्ष-किरण चित्र, टाके, बसवलेली सळई. व्यायामाच्या वीस खेपा झाल्या की पाचच, हे कोण पाहणार? खोट्या बिलांना कुरण मिळेल. ही भीती खरी आहे. पण रुग्णालयांच्या दाव्यांतही खोट निघालीच. मृत म्हणून नोंद असलेल्या रुग्णांच्या नावे उपचार दाखवल्याची प्रकरणे महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नोंदलेली आहेत. म्हणून कोणी शस्त्रक्रिया योजनेतून वगळल्या नाहीत. शिवाय भौतिकोपचाराची प्रगती मोजता येते. गुडघा किती अंशांत वाकतो, आधाराशिवाय किती पावले पडतात, हे कागदावर लिहिता येते आणि कोणालाही येऊन पडताळता येते.

दुसरा दाखला याहून बोलका आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ पासून चालत आलेल्या आरोग्य योजनेत भौतिकोपचाराचे दर ठरलेले आहेत. काही आजारांत ठराविक मुदतीपर्यंत घरी येऊन दिलेल्या उपचाराचाही खर्च मिळतो. म्हणजे हे कसे करायचे, किती द्यायचे, कुठे थांबायचे, हे सरकारला ठाऊक आहे. आपल्या नोकरांच्या बाबतीत जे सुचले ते शेतमजुराच्या बाबतीत सुचू नये, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. ज्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम अपरिहार्य आहे, तिच्या ठरलेल्या रकमेतच व्यायामाच्या काही खेपा धराव्यात. त्या देण्याची मुभा तालुक्याच्या गावातील नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञाला असावी. त्यांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्राने परिषदेचा कायदा २००२ मध्येच केला आहे. तेव्हा खरा कोण आणि भोंदू कोण, हा प्रश्नही उरत नाही. लाखाच्या घरातला खर्च वाया जाऊ नये म्हणून काही हजार रुपये लावणे, हे दानधर्मात मोडत नाही. तो साधा व्यवहार आहे.

त्या तरुणाकडे आम्ही खेपेला चारशे रुपये देऊन बारा खेपा केल्या. मग मावशीच म्हणाली, "पुरे रे आता. तुझ्या पैशावर किती पावलं टाकू?" आज ती वॉकर धरून अंगणापर्यंत येते. शेजारच्या घरी, जिथे ती रोज संध्याकाळी जाऊन बसत असे, तिथवर पोहोचत नाही. योजनेच्या दप्तरी मात्र तिचे प्रकरण यशस्वी म्हणून केव्हाच बंद झाले आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली, यात शंका नाही. त्या कागदावरची शेवटची ओळ तेवढी उपचारापुरती होती.