पेस चाचणीतला ‘बरा’ हा शिक्का मागे घ्या!

क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई, या आजारात जरा श्रम झाले की रुग्ण दिवसचे दिवस अंथरुण धरतो. ब्रिटनमध्ये अशा 641 रुग्णांवर ‘पेस’ चाचणी झाली. समुपदेशनाची सीबीटी पद्धत आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम यांनी रुग्ण सुधारतात, असा निष्कर्ष 2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, 2013 च्या निबंधात या दोन्ही गटांतले 22 टक्के रुग्ण बरे झाल्याचे जाहीर झाले. आमचा आक्षेप आहे तो इथे. शारीरिक क्षमतेची प्रश्नावली शंभर गुणांची. जिना चढणे, पिशव्या उचलणे, वाकणे, आंघोळ करून कपडे घालणे अशी दहा कामे, प्रत्येकाला दहा गुण. आजारी म्हणून चाचणीत यायला 65 किंवा कमी गुण लागत. बरे ठरायला मूळ आराखड्यात 85 लागत होते, ते पुढे 60 वर आणले. म्हणजे 65 वर आत आलेला रुग्ण पाच गुणांनी खालावला, तरी या कसोटीपुरता तो बरा! दहापैकी आठ कामांत थोडी थोडी अडचण येणाऱ्यालाही 60 गुण पडतात. नोकरी-संसाराच्या वयातला धडधाकट माणूस असा नसतो.

निकाल पाहण्याआधीच निकष बदलले, असे संशोधकांचे म्हणणे. ते मान्य केले तरी आजारी आणि बरा या दोन्ही व्याख्यांत एकच माणूस बसतो, ही विसंगती तारखेने मिटत नाही. दुसरे म्हणणे असे की, कोणता उपचार चालू आहे हे अशा चाचणीत रुग्णापासून लपवता येत नाही. खरे आहे, म्हणूनच रुग्णाच्या सांगण्यापलीकडची मोजमापे हवी होती. हालचाल मोजणारे यंत्र सुरुवातीला रुग्णांना लावले, शेवटी लावलेच नाही. सहा मिनिटांच्या चालण्यात सीबीटी गटाला नुसत्या वैद्यकीय देखरेखीपेक्षा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. व्यायामाचा गट थोडा पुढे गेला, तरी सरासरी 379 मीटरच.

माहिती अधिकारात मागितलेले चाचणीचे आकडे ती चालवणाऱ्या क्वीन मेरी विद्यापीठाने नाकारले. 2016 साली न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते द्यावे लागले. मूळ निकष लावताच बरे झालेले उरले सीबीटीत 7, व्यायामात 4 आणि नुसत्या देखरेखीत 3 टक्के; संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकत नाही. 2021 साली ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने हा व्यायामोपचार शिफारशींतून काढला. आमची मागणी एवढीच: 22 टक्क्यांचा दावा संशोधकांनी जाहीरपणे मागे घ्यावा, आणि तोवर कोणत्याही डॉक्टरने त्याच्या आधारावर एमईच्या रुग्णाला व्यायाम वाढवायला सांगू नये.