हरवलेल्या मुलाजवळ थांबणारा माणूस

गर्दीत एकटे मूल दिसले की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "बाळा, नाव काय तुझं?" मग दुसरा, "कुठं राहतोस?" हरवलेले मूल घरी पोहोचवण्याची आपली सगळी रीत, पोलीस चौकीपासून मशिदीच्या लाउडस्पीकरपर्यंत, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर उभी आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना ही उत्तरे देता येत नाहीत. काही बोलतच नाहीत. काहींना बोलता येते, पण अनोळखी माणसाने खांद्यावर हात ठेवला की शब्द अडकतात. काही नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाहीत. असे मूल हरवले तर शोधणाऱ्यांनी काय करायचे, हे आपल्याकडे अजून कोणी ठरवलेले नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि राहायला मार्केट यार्डजवळ. हा परिसर ज्यांनी पहाटे पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. रात्रभर ट्रक येत असतात. उजाडायच्या आधी तरकारी, फळे, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर हमाल, तोलणार, अडते, टेम्पोवाले यांची झुंबड उडते. रमजानच्या दिवसांत खजूर, कलिंगड, पपईच्या खरेदीला कोंढवा आणि भवानी पेठेतून आपलीच माणसे येतात, लेकरांना घेऊन. इथे एखादे मूल आईचा हात सोडून निघाले, तर स्वारगेटची बसगाड्यांची गर्दी जवळच. गुलटेकडीच्या बाजूने मुठा उजवा कालवा वाहतो. आणि माल उतरवून परत निघालेल्या टेम्पोत मागे चढून बसले, तर ते मूल दुपारपर्यंत सोलापूर रस्त्यावर कुठेही असू शकते. म्हणून पहिला तास महत्त्वाचा.

स्वमग्न मुले घरातून किंवा शाळेतून निसटतात, हे पालकांच्या निष्काळजीपणाचे लक्षण नाही. 2012 मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 1,200 हून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांचे सर्वेक्षण छापून आले. त्यातल्या 49 टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी निसटून जायचा प्रयत्न केला होता. 26 टक्के मुले घरच्यांचा जीव टांगणीला लागावा इतका वेळ बेपत्ता राहिली. या बेपत्ता मुलांपैकी 65 टक्के रहदारीच्या आणि 24 टक्के बुडण्याच्या धोक्यात सापडली होती. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, धोक्याची जाणीव कमी असते. त्यामुळे शोध कुठून सुरू करायचा, हे अशा मुलाच्या बाबतीत आधीच माहीत असायला हवे. सगळ्यात आधी पाणी, मग रस्ते.

आता महाराष्ट्रातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहू. दोन्हीतली मुले बौद्धिक अपंगत्व असलेली होती, पण अडचण तीच, स्वतःबद्दल सांगता न येण्याची.

पहिली नागपूरची. साधारण आठ वर्षांचा एक मुलगा नागपूर रेल्वे स्टेशनवर फिरताना पोलिसांना सापडला. त्याला नीट बोलता येत नव्हते. त्याला एका अनाथाश्रमात ठेवले गेले. 2015 मध्ये आश्रम बंद झाला, तेव्हा तो चालवणाऱ्या हिंदू कुटुंबाने त्याला आपल्याच घरी ठेवून घेतले, नवे नाव दिले, शाळेत घातले. दहावीच्या वेळी आधार कार्ड काढायला गेले, तर बोटांचे ठसे वारंवार नाकारले जाऊ लागले. चौकशी केल्यावर कळले की या मुलाचे आधार जबलपूरमध्ये आधीच निघालेले आहे, मुस्लीम नावाने. 2021 च्या जून महिन्यात, सुमारे दहा वर्षांनी, तो आपल्या आई-वडिलांकडे परतला. त्याला सांभाळणाऱ्यांनी त्याचा धर्म विचारून दार उघडले नव्हते, ही या घटनेतली समाधानाची गोष्ट. पण मूल पोलिसांच्या हाती आलेले असताना घरचा पत्ता लागायला दहा वर्षे गेली, तीही एका योगायोगाने.

दुसरी मुंबईची. सप्टेंबर 2023 मध्ये वरळीतून हरवलेला 12 वर्षांचा मुलगा कुलाब्यात पोलिसांना मिळाला. त्यालाही आपली माहिती सांगता येत नव्हती. पण त्याच्या गळ्यात एक लॉकेट होते आणि त्यावर क्यूआर कोड. पोलिसांनी तो मोबाइलने स्कॅन केला, घरचा नंबर मिळाला आणि मुलगा काही तासांत घरी पोहोचला. ते लॉकेट मुंबईतल्या एका तरुण डेटा इंजिनिअरने 'प्रोजेक्ट चेतना' या उपक्रमातून बनवले होते.

दहा वर्षे आणि काही तास, एवढा फरक गळ्यातल्या एका वस्तूने पडला. पण लॉकेटही काम करते ते कोणीतरी मुलाजवळ थांबल्यावरच. त्या कोणीतरीला थांबवण्यासाठी इशारा यंत्रणा लागते.

आपल्याकडे कायदा अगदीच गप्प नाही. 10 मे 2013 रोजी 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे गृहीत धरून तपास सुरू करायचा. म्हणजे "एक दिवस वाट बघा, येईल" असे कोणी सांगितले, तर ते ऐकून घरी परतायचे कारण नाही. 112 आहे, 1098 ही बालकांची हेल्पलाइन आहे. हरवलेल्या आणि सापडलेल्या मुलांच्या नोंदी जुळवण्यासाठी 'ट्रॅक चाइल्ड' पोर्टल निघाले, 2015 मध्ये 'खोया-पाया' आले. पण ही पोर्टले म्हणजे नोंदवह्या. कोणीतरी बसून जुळवाजुळव केली तर उद्या, परवा उपयोगी पडतील. पहिल्या तासात मार्केट यार्डच्या गेटवर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला त्या काहीच सांगत नाहीत.

अमेरिकेत 1996 मध्ये टेक्ससमधल्या नऊ वर्षांच्या अंबर हॅगरमनच्या अपहरणानंतर 'अंबर अलर्ट' सुरू झाला. आज तो परिसरातल्या मोबाइलवर थेट वाजतो. पण त्याची मुख्य अट आहे अपहरणाची. स्वतःहून चालत निघालेले स्वमग्न मूल त्या चौकटीत बसत नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या शाळेतून अव्होन्टे ओक्वेंडो हा 14 वर्षांचा, न बोलणारा स्वमग्न मुलगा उघड्या दारातून बाहेर पडला. पोलिसांनी त्याच्या आईचा आवाज रेकॉर्ड करून गाड्यांवरून ऐकवला, मेट्रो स्थानकांवर घोषणा केल्या. जानेवारी 2014 मध्ये नदीकाठी त्याचे अवशेष मिळाले. त्याच्या आणि केविन नावाच्या दुसऱ्या एका मुलाच्या नावाने 2018 मध्ये तिथे संघराज्याचा कायदा झाला. 2024 मध्ये अपहरण न झालेल्या पण धोक्यात असलेल्या बेपत्ता व्यक्तींसाठी वेगळा इशारा-संकेतही मंजूर झाला. म्हणजे अंबर अलर्टनंतर या मुलांकडे लक्ष जायला तिथेही 28 वर्षे लागली. आपण त्यांची नक्कल केली, तर अंबरची अटही सोबत उचलून आणू. ती सुरुवातीलाच वगळायला हवी.

यंत्र आपल्याकडे आधीच आहे. 2023 मध्ये तुमच्याही मोबाइलवर अचानक मोठा आवाज होऊन 'हा चाचणी संदेश आहे' असे आले असेल. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात ठरावीक टॉवरच्या टप्प्यात असलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी संदेश जातो. कोणाचा नंबर माहीत असायची गरज नाही, इंटरनेटही लागत नाही. पूर आणि वादळासारख्या आपत्तींच्या इशाऱ्यांसाठी ही सोय आहे. स्वमग्न मूल हरवले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून आसपासच्या दोन-तीन किलोमीटरच्या टॉवरपुरता संदेश सोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण आहे ती अधिकार कोणाचा, निकष काय आणि किती मिनिटांत, हे कागदावर नसल्याची.

"पण व्हॉट्सअ‍ॅप आहे की!" असे कोणी म्हणेल. मला या लेखात खरे बोलायचे आहे ते यावरच.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती, तिचे ते बळी. त्याआधी चार वर्षे, 2 जून 2014 रोजी, आपल्याच पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या आयटीत काम करणाऱ्या तरुणाचा जमावाने जीव घेतला. भडका उडाला होता फेसबुकवरच्या पोस्टमुळे आणि त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. फिरणारा संदेश काय करू शकतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आता मार्केट यार्डात एक मूल कान झाकून रडते आहे असे समजा. दाढी-टोपीतला एक माणूस, आपलाच कोणी चाचा, त्याचा हात धरून त्याला पोलीस ठाण्याकडे नेतो आहे. मूल हिसका देते, ओरडते, कारण स्पर्श त्याला सहन होत नाही. बघणाऱ्याला काय दिसेल? आणि हा विचार त्या चाचाच्या मनात येणार नाही का? तो दोन पावले मागे सरेल, नजर वळवेल. त्याला दोष कसा द्यायचा? डवरी गोसावी बाई, परप्रांतीय हमाल, भंगार गोळा करणारा पोरगा, ज्यांच्यावर संशय घ्यायची समाजाला सवय आहे असे सगळेच मागे सरतील. आणि बाजारात पहाटे सर्वांत जास्त हजर असतात ती हीच माणसे. त्यांची भीती म्हणजे मुलाची एक-एक सुटलेली संधी.

म्हणून पोलिसांच्या नावाने आलेला, खात्रीचा इशारा हवा. तो फोटो पसरवतो, पण त्याहून मोठे काम करतो. तो आसपासच्या सगळ्यांना एकाच वेळी सांगतो की हे मूल हरवले आहे, ते स्वमग्न आहे, ओरडले तरी घाबरू नका, त्याच्याजवळ जो थांबला आहे तो मदत करतो आहे. असा इशारा मुलाइतकाच मदत करणाऱ्यालाही वाचवतो.

असा इशारा कसा असावा? इंजिनिअर म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. तो फक्त पोलिसांनीच सोडावा. छोट्या परिसरापुरता असावा, कारण सतत वाजणारा इशारा लोक बंद करून टाकतात. त्यात मुलाचे वय, कपडे, शेवटचे ठिकाण आणि वेळ असावी. 'टोळी', 'पळवले' असले शब्द नसावेत. "मोठ्याने हाका मारू नका, घेराव घालू नका, शांतपणे जवळ थांबा, 112 ला कळवा" एवढी सूचना असावी. ठरावीक वेळेनंतर तो आपोआप रद्द व्हावा आणि मूल सापडल्यावर 'सापडले' हा संदेशही त्याच फोनांवर जावा. फोटो नंतर काढून टाकला जावा. नाहीतर घरी पोहोचलेल्या मुलाचा चेहरा पुढची पाच वर्षे ग्रुपांतून फिरत राहतो, आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

शासन हे करेल तेव्हा करेल. मागणी आजपासून लावून धरू. पण काही कामे आपली आहेत.

पहिले, लपवणे थांबवू. आपल्या मोहल्ल्यांत अजूनही अशा मुलाबद्दल 'नजर लागली', 'साया आहे' असे बोलले जाते. बहिणीच्या लग्नात अडचण नको म्हणून त्याला पाहुण्यांसमोर आणले जात नाही. ज्या मुलाला गल्लीने कधी पाहिलेच नाही, त्याला गल्ली ओळखणार कशी? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढणे हा मुलाचा हक्क आहे. आपण मुलांना अल्लाहची अमानत म्हणतो. अमानत लपवून ठेवायची नसते, सांभाळायची असते.

दुसरे, एक कागद तयार ठेवा. ताजा फोटो, दोन फोन नंबर, मुलाला काय आवडते, कशाने शांत होते, कशाला घाबरते, पूर्वी कुठे गेले होते, जवळ पाणी कुठे आहे. ही माहिती घाबरलेल्या आईला पोलीस ठाण्यात आठवून सांगता येत नाही. लॉकेट नको वाटत असेल तर कपड्याच्या आतल्या बाजूला नंबर शिवा.

तिसरे, मशिदीचा लाउडस्पीकर. पण घोषणा पोलिसांत तक्रार दिल्यावरच, आणि आधी लिहून ठेवलेल्या शब्दांतच. इमाम साहेबांना हा मजकूर आधी देऊन ठेवता येतो. बाजारात हमाल पंचायतीचे कार्यकर्ते, अडते, गेटवरचे रक्षक, चहावाले यांच्याशी बोलून ठेवता येते. मंदिरात आणि गणेश मंडळातही तोच मजकूर गेला पाहिजे, कारण मूल चालताना वस्तीची हद्द बघत नाही.

चौथे, मूल सापडले तर ते स्वतःच्या घरी ठेवून फोटो टाकत बसू नका. बाल न्याय कायद्यानुसार 24 तासांच्या आत पोलीस, हेल्पलाइन किंवा बालकल्याण समितीला कळवणे बंधनकारक आहे. लगेच कळवा.

मार्केट यार्ड पोलीस ठाणे आणि बाजार समिती, दोन्ही एकाच परिसरात आहेत. गेटवर कोणाला फोन जाईल, कालव्याच्या बाजूला कोण धावेल, स्वारगेटला कोण कळवेल, एवढे ठरवायला एक बैठक पुरते. त्यासाठीचे निवेदन या अंकाचे वाचक लिहू शकतात. तुमच्यात संगणकवाले आहेत, वकिलीचे विद्यार्थी आहेत, बाजारात गाळा असलेल्यांची मुले आहेत. निवेदनावर पहिल्या सह्या स्वमग्न मुलांच्या आयांच्या घ्या. काय हवे आहे ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.