फावला वेळ : मालगाडीची एक वाघीण

वसई-दिवा मार्गावरच्या कामण रोड स्थानकात लोकलची वाट पाहताना एकदोन मालगाड्या हमखास दिसतात. मुले वाघिणी मोजतात. त्यांना वाघिणीवरची अक्षरेही वाचायला शिकवा. बीसीएन म्हणजे बंद वाघीण, बीटीपीएन म्हणजे तेलाची टाकी, बीओएक्सएन म्हणजे कोळशाची उघडी वाघीण. पहिला बी बोगीचा, शेवटचा एन हवेच्या ब्रेकचा.

हीच वाघीण घरी बनवता येते. छोट्या रेल्वेचे सर्वांत प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. खरी बीओएक्सएन १०,७१३ मिलिमीटर लांब असते. ८७ ने भागले की साधारण १२३ उरतात. गुणोत्तराला कंटाळणारे मूल हा भागाकार आनंदाने करते. ५८ वाघिणींची पूर्ण गाडी करायची म्हटली तर सात मीटरहून लांब होईल, म्हणून आपण एकीवरच समाधान मानू!

तयार किटमध्ये तळ, बाजू, बोग्या, चाके आणि जोडणीचे आकडे असतात. सुटे भाग साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर रंग धरत नाही. भाग पिरगळून तोडू नका. कटरने कापा आणि टोक कानशीने घासा. गोंद लावण्याआधी कोरडेच जुळवून पाहा. गोंद थोडाच लावा आणि खिडकी उघडी ठेवा. चाके फुंकर मारताच फिरली पाहिजेत. हलकी वाघीण वळणावर रुळांवरून घसरते. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या हिशेबाने एवढ्या लांबीला ९५ ते १०० ग्रॅम वजन हवे. कमी पडले तर आत वायसर चिकटवा. जुन्या वायरमधली तांब्याची तार ब्रेकच्या पाइपला चालते. शेवटी विटकरी रंग, अक्षरे आणि कोळशाच्या भुकटीचा हलका हात.

परदेशी किट महाग असते. इसराफ आपल्याला मना आहे, तेव्हा पहिली वाघीण जाड पुठ्ठ्याचीच करा. मुलाचा हात टिकला, तर पुढचे पाहू.

कामणच्या गाळ्यांत आपले कितीतरी भाऊ कानस, ड्रिल, वेल्डिंग यांवर रोजी कमावतात. त्यांच्या मुलांना मात्र अब्बांचा थकलेला चेहरा तेवढा माहीत असतो. त्या हातांतली कारागिरी त्यांनी पाहिलेली नसते. रविवारी असरनंतर तासभर अब्बा आणि मुलगा-मुलगी एका टेबलाशी बसले, तर ती दिसेल. काम नेटके, पूर्णत्वाला नेऊन करणे म्हणजे इत्कान. ते उपदेशाने शिकवता येत नाही, शेजारी बसूनच उतरते. मोबाइल बाजूला ठेवा म्हणून ओरडावेही लागत नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात.

एक ताकीद मात्र आधीच द्या. वाघीण पाहायची ती फलाटावरूनच. उभ्या मालगाडीखालून जाणे, तिच्यावर चढणे म्हणजे जिवाशी खेळ. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो, आणि थांबलेली गाडी कधी हलेल ते सांगता येत नाही.

सुट्टीत पुण्याला जाणे झाले, तर कोथरूडचे भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. एका माणसाचा छंद सबुरीने कुठवर पोहोचतो, ते तिथे दिसते.