किराया घ्या, पण पावती द्या!



आदिलाबादच्या स्टेशनाजवळ ‘टू-लेट’ची पाटी लागली की पोर्शन रिकामा राहत नाही. किनवटहून रेल्वेने येणारा विद्यार्थी, बेला-जैनद-तामसीकडून मुलांच्या शाळेसाठी आलेली कुटुंबे, बदलीवर आलेला नोकरदार, सर्वांनाच पायी गाडी गाठता येईल असे घर पाहिजे. ही गरज घरमालक बरोबर ओळखतो. पहिला प्रश्न, “तुम्ही कोण लोक?” जात विचारून झाली की अ‍ॅडव्हान्स. त्याची पावती नाही, किरायाची तर नाहीच. कागद मागितला तर “विश्वास नाही का?” आणि दिलाच तर तो तेलुगूत! मराठी शाळेत शिकलेला आपला माणूस तो न वाचता सही करतो.

१९५६ साली किनवट, राजुरा या जिल्ह्यातून निघून महाराष्ट्राच्या बाजूस गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून भाषेवर अन्याय होतो म्हणून आपण निवेदने देतो, ते योग्यच आहे. पण स्टेशनाजवळच्या या घरमालकांत आपले मराठी बांधव कमी आहेत काय? गणपतीच्या वर्गणीची पावती हे लोक उभ्या-उभ्या फाडून घेतात. किरायेदाराने पावती मागितली की तो उर्मट!

वास्तविक १९६० च्या भाडे नियंत्रण कायद्यात (आंध्र प्रदेशचा, पुढे तेलंगणाने चालू ठेवलेला) पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. मालक किराया घेत नसेल तर किरायेदाराने लेखी नोटीस देऊन बँकेचे नाव विचारावे आणि तेथे पैसे भरावेत. नाव सांगितले नाही तर मनीऑर्डर करावी, अशीही सोय त्यात आहे. पण २००५ च्या दुरुस्तीने महानगरपालिकांबाहेर दरमहा २,००० रुपयांवरचा किराया या कायद्यातून वगळला. आज त्या पैशात स्टेशनाजवळ काय मिळते, हे वाचकांना सांगायला नको. म्हणजे कायदा आहे, पण आपल्यासाठी नाही.

राहता राहिला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. करार नसला तरी महिनेवारी किरायेदाराला १५ दिवसांची नोटीस द्यावीच लागते. “रविवारपर्यंत खाली करा” म्हणणाऱ्याला हे ठणकावून सांगा. अकरा महिन्यांच्या कराराचे गूढही एवढेच, की वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावा लागतो.

मी बँकेत काउंटरवर बसतो. कोणी पन्नास रुपये भरले तरी शिक्का मारून पावती देतो. पावती नसल्यामुळे नोकरदाराची घरभाडे भत्त्यावरील करसवलत बुडते. वर्षाचा किराया लाखावर गेला तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि मालक बिथरतो तो इथेच. त्याला उत्पन्न दाखवायचे नसते. त्याचा कर वाचावा म्हणून कारकुनाने जास्त कर भरायचा, हा कुठला न्याय?

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात लेखी करार आणि राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत ठरवून दिली आहे. तो स्वीकारणे राज्याच्या हाती असले, तरी त्याप्रमाणे वागायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. तेव्हा मंडळाने मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांत कराराचा नमुना छापावा. २,००० ची मर्यादा वाढवण्याचे निवेदन आमदारांना द्यावे. आणि कार्यकारिणीत ज्यांची घरे किरायाने आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला पावती पुस्तक सोबत आणावे.