पंधरा दिवसांचे प्रेषित

परदेशी जाऊन पंधरवड्यात 'सेवा' उरकून परतणारा यात्रेकरू ही आमच्या ख्रिस्ती मंडळींत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी असे पाहुणे अमेरिकेहून आपल्याकडे येत. आता आपलीही तरुण मुले केनियाला, नेपाळला जाऊ लागली आहेत. भाड्याच्या पैशांत तिथल्या एखाद्या शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार निघाला असता, हौशी हातांनी शाळेची भिंत रंगवली की गावच्या रंगाऱ्याचा रोज बुडतो, हे आक्षेप जुनेच आहेत. ते खरेही आहेत. पण माझा वाद या मंडळींच्या जाण्याशी नाही, परत येण्याशी आहे.

परत आल्यावर काय घडते? रविवारी उपासना संपली की पडद्यावर चित्रे दाखविली जातात. चित्रांत हसरी मुले असतात. "त्यांच्याजवळ काहीच नाही, तरी ती किती आनंदी!" हे वाक्य न चुकता येते, आणि त्यामागोमाग "मी द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो" हेही. सभेचे डोळे पाणावतात. त्या मुलांपैकी एकाचे नाव विचारावे, तर आठवत नाही. ते मूल काय म्हणत होते असे विचारावे, तर दुभाष्याकडे बोट दाखविले जाते. तासभर चाललेल्या निवेदनात कर्ता एकच, 'मी'. उरलेला देश केवळ अधिकरण! परके गाव हा यात्रेकरूचा आरसा झाला, आणि आरशाला कोणी नाव विचारीत नाही.

यावरचे उत्तर मला ठाऊक आहे. अशा यात्रेने मन पालटते, हात सैल होतो, एखादा तर पुढे जन्मभराची सेवा पत्करतो. ठीक आहे, मग त्या एखाद्याच्याच मापाने इतरांना मोजू द्या. मी नगरकडचा. आमच्या घरात अक्षर आले ते अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेतून, तेव्हा मिशनच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांत मला कोणी धरू नये. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि मुलींच्या शाळा चालवीत १८६२ साली नगरलाच मातीआड झाल्या. त्यांच्याही आधी फादर स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडचा माणूस म्हणून गोव्यास उतरले. तिथेच त्यांनी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१९ साली तिथेच देह ठेवला. 'परत आल्यावर सांगण्याची गोष्ट' या दोघांपाशी नव्हती.

पण परतणारेही होते, आणि मला त्यांच्याचविषयी बोलायचे आहे. जस्टिन ॲबट हे नगर-मुंबईकडे वर्षानुवर्षे काम करून १९१० साली निवृत्त झाले आणि न्यू जर्सीतल्या समिट गावी जाऊन राहिले. पेन्शनीत बसून आठवणी रंगविण्यास त्यांना कोणी अडविले नसते. त्यांनी केले काय? नरहर गोडबोले या पंडितांच्या साह्याने मराठी संतांची चरित्रे आणि कविता इंग्रजीत उतरविण्यास घेतली. १९२६ पासून भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम अशी पुस्तकांमागून पुस्तके निघाली. महिपतीच्या 'भक्तविजया'चे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९३३ साली, बाहेर आले. पंढरीच्या लोकांना ख्रिस्त सांगावयास गेलेला माणूस आपल्या लोकांना पंढरी सांगत मरण पावला! त्याच्या जुन्या मंडळींना हे कितपत रुचले असेल, देव जाणे.

उलट दिशेचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, १८८६ साली अमेरिकेला. १८८९ च्या आरंभी परतल्या त्या तिथल्या साह्यकर्त्यांकडून दहा वर्षांच्या मदतीचे वचन पदरात बांधून, आणि ११ मार्चला मुंबईत शारदासदन उघडलेही. त्याच वर्षी त्यांचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक निघाले. त्यात तिथल्या शाळा, कायदे, स्त्रियांच्या संस्था आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही आहे. यजमानांचे मीठ खाल्ले म्हणून बाईंनी डोळे मिटले नाहीत.

पंधरा दिवसांत एवढे कसे व्हावे, असे कोणी म्हणेल. होऊ नयेच, पण मग एवढे बोलूही नये.

इथवर वाचून माझे नोकरदार बंधू मान डोलावीत असतील, की बरे झाले, हे प्रकरण चर्चवाल्यांचे आहे. तसे ते नाही. बदलीवर तीन-चार वर्षे परमुलुखात काढणारे आपण यांहून निराळे काय करतो? झालान्यातल्या कार्यालयांतून बदली झालेला मराठी माणूस गावी परततो तो रजया, सांगानेरी चादरी आणि 'इकडचे लोक' या विषयावरील ठाम मते घेऊन. डोंगरीतला बिबट्या त्याने पाहिलेला असतो. ढुंढाडीचे एक वाक्य त्याला येत नसते. ज्या सांगानेरच्या चादरी तो बांधतो, त्याच सांगानेरात दादूंचे शिष्य रज्जब राहत होते. दादूपंथीयांनी आपल्या पोथ्यांत दादू, कबीर, रैदास यांच्या शेजारी आपल्या नामदेवांची हिंदी पदे शतकानुशतके जपून ठेवली. त्या जुन्या पोथ्या ताडून नामदेवांची हिंदी पदावली १९८९ साली संपादिली कोणी? बेल्जियमचे विनांद कॅलेवार्ट आणि जयपूरचे मुकुंद लाठ यांनी. आपण तेव्हा बदलीच्या हुकमाची वाट पाहत होतो.

म्हणून पुढच्या निरोपसमारंभात उत्सवमूर्तीने श्रीफळ घेण्यापूर्वी ढुंढाडीत पाच मिनिटे बोलावे, असा ठराव मी येथील मंडळापुढे ठेवला आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.