विश्लेषण : शाळेसाठी वसलेले गाव नदीच गिळते तेव्हा... अलास्कातील युपिक गावांचा पेच काय?

ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात ‘हालोंग’ वादळाच्या अवशेषांनी अलास्काचा पश्चिम किनारा झोडपला. किपनुक आणि क्विगिलिंगोक या दोन छोट्या युपिक गावांत घरे पायासकट उचलली गेली आणि पाण्यावर तरंगत निघाली. काही घरांत त्या वेळी माणसे होती. एका महिलेचा मृत्यू झाला, दोघे बेपत्ता झाले. पंधराशेहून अधिक लोक बेघर झाले आणि शेकडोंना लष्करी विमानांनी थेट अँकरेज शहरात हलवावे लागले. ‘एवढ्या धोक्याच्या जागी लोक राहतातच कशाला?’ हा प्रश्न त्यानंतर समाजमाध्यमांवर बराच फिरला. त्याचे उत्तर हवामानाइतकेच शाळा, वीज, पाणी आणि टपाल यांच्या इतिहासात आहे.

युपिक कोण? ते कुठे राहतात?

युपिक हे अलास्काच्या नैऋत्य भागातील मूळ रहिवासी. युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन मोठ्या नद्या बेरिंग समुद्राला मिळतात, तिथल्या सपाट, दलदलीच्या त्रिभुज प्रदेशात त्यांची पन्नासेक गावे विखुरलेली आहेत. हा प्रदेश महाराष्ट्राच्या जवळपास दोन तृतीयांश आकाराचा, पण लोकसंख्या जेमतेम २५ ते ३० हजार. बेथेल हे तिथले मुख्य ठिकाण. वस्ती सहा हजारांच्या आसपास. अँकरेज तिथून साधारण ६४० किलोमीटरवर आहे आणि दोन्ही शहरांना जोडणारा रस्ता नाही. बेथेलमधून आसपासच्या गावांत जायलाही रस्ता नाही.

रस्ता नाही, मग वाहतूक कशी चालते?

नदीवरून. उन्हाळ्यात बोटी चालतात. हिवाळ्यात कुस्कोक्विम गोठते आणि त्याच पात्रावर बर्फ हटवून चक्क मोटारींचा रस्ता केला जातो. चांगल्या थंडीच्या वर्षी हा बर्फरस्ता चारशे किलोमीटरहूनही लांब जातो. कुठे बर्फ पातळ आहे, कुठे पाणी उघडे पडले आहे, याच्या खुणा स्थानिक स्वयंसेवक करतात. अडचण मधल्या काळाची. शरद ऋतूत नदी गोठू लागते आणि वसंतात फुटू लागते, तेव्हा बोट चालत नाही आणि बर्फावर गाडी घालणे म्हणजे जिवाशी खेळ. मग उरतात फक्त छोटी विमाने, तीही हवामानाने परवानगी दिली तर. हिवाळे उबदार होऊ लागल्याने हा अडकून पडण्याचा काळ लांबतो आहे आणि बर्फाचा भरवसाही कमी होतो आहे.

किराणासुद्धा विमानाने येतो. त्यासाठी अमेरिकी टपाल खात्याची ‘बायपास मेल’ ही फक्त अलास्कापुरती व्यवस्था आहे. किमान हजार पौंडांचा माल व्यापारी थेट विमान कंपनीकडे सोपवतो. तो टपाल कार्यालयात न जाता गावातल्या दुकानात पोहोचतो, पण दर मात्र टपालाचा लागतो. गावातल्या दुकानात पीठ आणि डायपर दिसतात ते या सवलतीमुळे.

वीज आणि पाण्याचे काय?

बहुतेक गावे कोणत्याही मोठ्या ग्रीडला जोडलेली नाहीत. प्रत्येक गावाचे स्वतःचे डिझेल जनरेटर असतात, काही ठिकाणी जोडीला पवनचक्क्या. वर्षभराचे डिझेल उन्हाळ्यात तराफ्यावरून येते आणि मोठ्या टाक्यांत साठवले जाते. साठा चुकला तर पुढची खेप थेट विमानाने, दामदुप्पट खर्चात. वीज महाग पडते म्हणून राज्य सरकार घरगुती ग्राहकांना अनुदान देते. शाळा आणि दुकानांना ते मिळत नाही, त्यामुळे तो बोजा फिरून गावावरच पडतो.

पाण्याची गोष्ट आणखी किचकट. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गात आपण शिकतो : चर खणा, पाइप टाका, माती लोटा. इथे खाली कायम गोठलेली जमीन असते. पाइप पुरला तर आतले पाणी गोठते. पाणी गोठू नये म्हणून पाइप गरम ठेवला तर भोवतालची जमीन वितळते आणि पाइपच खचतो. म्हणून पाइप जमिनीच्या वर, उष्णतारोधक आवरणात न्यावे लागतात आणि पाणी सतत गरम करून फिरते ठेवावे लागते. म्हणजे पुन्हा डिझेल आले. अलास्काच्या ग्रामीण भागात तीसहून अधिक गावांत घरोघरी नळ नाहीत. लोक सार्वजनिक धुलाईघरातून पाणी भरतात, तिथेच अंघोळ करतात, कपडे धुतात. शौचासाठी घरात बादली असते. तिला तिथे उपरोधाने ‘हनी बकेट’, म्हणजे मधाची बादली म्हणतात. पुरेसे पाणी नसलेल्या वस्त्यांत लहान मुलांना श्वसनाच्या आणि त्वचेच्या संसर्गामुळे जास्त वेळा रुग्णालयात दाखल करावे लागते, हे आरोग्य संशोधकांनी दाखवून दिले आहे. हात धुणे परवडत नसेल तर त्याची किंमत मुलांची फुप्फुसे मोजतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले हे वास्तव आहे.

आजारी पडले तर?

इथे मात्र अलास्काने जगाला शिकवावे असे काही केले आहे. क्षयरोगाच्या साथीत, १९५० च्या दशकात, गावातलीच माणसे औषधे वाटू लागली. त्यातून गावआरोग्य सहायकांची योजना उभी राहिली आणि १९६८ पासून तिला केंद्राचा निधी मिळू लागला. गावाने निवडलेली व्यक्ती टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण घेते, ठरलेल्या पुस्तिकेप्रमाणे रुग्ण तपासते आणि बेथेलच्या डॉक्टरांशी फोन किंवा व्हिडीओवर बोलून उपचार करते. आपल्या आशा सेविकांची आठवण येईल, पण या सहायकांचे अधिकार त्यांच्यापेक्षा बरेच जास्त आहेत. बेथेलचे रुग्णालय मूळ रहिवाशांचीच संस्था चालवते. तरीही गंभीर रुग्णाला विमान लागतेच आणि धुके उतरले की विमान थांबते.

मग लोक अशा जागी का राहिले?

कहाणीचा कळीचा भाग हा आहे. युपिक पूर्वी एका जागी बारमाही राहत नसत. हिवाळ्याची वस्ती वेगळी, मासेमारीचे तळ वेगळे. नदी सरकली की माणसेही सरकत. विसाव्या शतकात सरकारने शाळा काढल्या, मुलांना शाळेत पाठवणे भाग पडले आणि कुटुंबे शाळेभोवती कायमची स्थिरावली. न्यूटोक गाव १९४९ मध्ये आपल्या जुन्या जागी आले, कारण शाळेच्या बांधकामाचे साहित्य घेऊन येणारा तराफा नदीतून तिथवरच जाऊ शकत होता. गावाची जागा ठरली ती साहित्य उतरवण्याच्या सोयीने.

पुढे जमीन वितळू लागली आणि निंगलिक नदी वर्षाला सरासरी वीसेक मीटर काठ कापत गावाकडे सरकू लागली. गावाने १९९४ पासून नव्या जागेचा शोध सुरू केला. केंद्राशी जमिनीची अदलाबदल व्हायला २००३ उजाडले. पहिली कुटुंबे नव्या जागी, मर्टार्विकला, गेली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि शेवटची २०२४ मध्ये. सुमारे साडेतीनशे माणसे, नदीपलीकडचे पंधराएक किलोमीटरचे अंतर आणि तीस वर्षे!

एवढा उशीर का झाला?

कारण गाव हलवणे हे कोणत्याच खात्याचे काम नव्हते. शाळेला निधी हवा तर किमान दहा विद्यार्थी हवेत. विमानपट्टी हवी तर वस्ती हवी. पण शाळा आणि विमानपट्टी नसताना वस्तीला जाणार कोण? दुसरीकडे, जुने गाव जाणारच आहे म्हणून तिथल्या दुरुस्त्यांना पैसा मिळेना. आपत्ती निधीचे नियमही अचानक येणाऱ्या संकटासाठी लिहिलेले. नदी दरवर्षी थोडी थोडी खात असेल तर ती आपत्ती ठरत नाही. न्यूटोकने मागितलेली आपत्तीची घोषणा २०१७ मध्ये नाकारली गेली. मर्टार्विक या नावाचा अर्थ पाणी भरण्याची जागा. लोक तिथे राहायला गेले तेव्हा घरांत पाण्याची पाइपलाइन पोहोचलेली नव्हती.

न्यूटोक एकटे नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००३ मध्येच सांगितले होते की अलास्कातील मूळ रहिवाशांच्या २१३ पैकी १८४ गावांना पूर आणि धूप यांची झळ बसते. २००९ मध्ये त्यांपैकी ३१ गावांना तातडीचा धोका असल्याचे नोंदवले गेले. किपनुकला नदीकाठ वाचवण्यासाठी दोन कोटी डॉलरचे केंद्रीय अनुदान मंजूर झाले होते. मे २०२५ मध्ये ते रद्द करण्यात आले. पाच महिन्यांनी वादळ आले. त्या एका अनुदानाने वादळ अडले नसते, एवढ्या अवधीत काम उभेही राहिले नसते. पण धोका माहीत होता आणि तो कागदावर मान्यही झाला होता, हे त्यातून स्पष्ट होते.

मदत पोहोचते, पण कोणत्या भाषेत?

सप्टेंबर २०२२ मधील ‘मेरबोक’ वादळानंतर केंद्रीय आपत्ती यंत्रणेने मदत अर्जाची माहिती युपिक भाषेत दिली. ती वाचून लोक चक्रावले. कंत्राटदार कंपनीने केलेल्या अनुवादात अर्थच लागत नव्हता. शिकारीसारख्या विषयांवरची असंबद्ध वाक्ये त्यात होती. रशियाच्या बाजूच्या संबंधित भाषेतील जुन्या लोककथासंग्रहातून शब्द उचलल्याचे पुढे उघड झाले. युपिक बोलणारे हजारो लोक जिवंत आहेत, बेथेलमध्ये युपिक माध्यमाची शाळा १९९५ पासून चालते. विचारले असते तर अनुवादक तिथेच मिळाले असते.

आता अँकरेजला स्थायिक व्हावे का?

बाहेरच्यांना हा उपाय सोपा वाटतो. पण या गावांत अन्नाचा मोठा वाटा दुकानातून येत नाही. तो नदीतून येतो. सामन मासे उन्हाळ्यात पकडून, वाळवून, धुरावून वर्षभर पुरवले जातात. कोणता मासा कसा कापायचा, बर्फ कुठे टिकेल, हे ज्ञान आजी नातीला नदीकाठीच देते. शहरातल्या भाड्याच्या खोलीत ते देता येत नाही. अर्थात नदीही पूर्वीची राहिलेली नाही. कुस्कोक्विममधील मोठ्या ‘किंग’ सामनची संख्या दशकभराहून अधिक काळ घटलेली आहे आणि मासेमारीवर कडक निर्बंध आहेत. तापलेला समुद्र हे एक कारण मानले जाते. बेरिंग समुद्रातील मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत अडकणाऱ्या माशांवरूनही वाद सुरू आहे.

पुढे काय?

राहायचे की निघायचे, हे ठरवण्याचा हक्क गावांचाच. पण राहायचे असेल तर धूप रोखायला पैसा हवा आणि निघायचे असेल तर शाळा, पाणी, वीज, विमानपट्टी एकत्र हलवणारी एक जबाबदार यंत्रणा हवी. आज यांपैकी काहीच हमखास मिळत नाही. ‘लोक तिथे राहतातच कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : हे लोक नदीबरोबर सरकत जगत होते. त्यांना एका जागी बसायला सरकारने सांगितले, शाळा देऊन. आता उठायची वेळ आली आहे, तर हात देण्याची पहिली जबाबदारीही सरकारचीच आहे.