थांबा, विमान जाऊ द्या

ओझरला मामूंना फोन लावला की बोलण्यात एक ठरलेला खंड पडायचा. "थांब बेटा, विमान जाऊ दे," असं म्हणून मामू गप्प व्हायचे. इकडे नाशकात आम्हालाही तो आवाज ऐकू यायचा. आधी लांब कुठे कापड फाटल्यासारखा, मग मुमानींच्या मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणायची, मग सगळं शांत. "हं, बोल आता." लहानपणी मला वाटायचं, ओझरच्या फोनचीच ही रीत असावी.

मामूंनी छत्तीस वर्षं एचएएलच्या कारखान्यात नोकरी केली. १९६४ साली ओझरला हा कारखाना उभा राहिला आणि द्राक्षं-कांदा पिकवणाऱ्या निफाड तालुक्यात लढाऊ विमानं तयार होऊ लागली. मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई. विमान जोडून झालं की ते आकाशात नेऊन तपासावं लागतं, आणि ती तपासणी गावाच्या डोक्यावरच होते. मामूंना त्या आवाजाचा त्रास नव्हता. ते मान वर न करता, चहाचा कप हातात धरून सांगायचे, "हे आपलं नाही, दुरुस्तीला आलेलं आहे." गवयाला सूर कळावा तसं त्यांना इंजिन कळायचं. गेल्या वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखे ते दिवसभर गप्प होते. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, नाशिकच्या तेजसनं पहिलं उड्डाण केलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ओझरलाच गावाबाहेर बसकं, अंगणाचं घर बांधलं होतं. यंदा ते विकायचं ठरलं. मुमानींचे गुडघे गेले, दवाखाना नाशकात, मुलगी नाशकात. घर विकून वडाळ्याच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची, असा हिशेब होता. हिशेब काठोकाठ होता, इकडचा रुपया तिकडे झाला तरी सांडेल असा.

एजंट हुशार. त्यानं जाहिरातीत लिहिलं, "विमानतळापासून दहा मिनिटांवर". ते खोटं नव्हतं. ओझरच्या त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानंही उतरतात, त्यासाठी जानोरीच्या बाजूला टर्मिनल आहे. २०२७ चा सिंहस्थ जवळ आल्यापासून तर ओझर, जानोरी, दिंडोरी रस्ता सगळीकडे प्लॉटच्या पाट्याच पाट्या. विमानतळाच्या नावानं जमीन महाग होते, हे महाराष्ट्राला नवीन नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. पण उलवे आणि पनवेलकडच्या इमारतींच्या जाहिरातींत ते त्याआधी कित्येक वर्षं उडतच होतं. पुण्यात एका वस्तीचं नावच विमाननगर. शेजारी लोहगावला हवाई दलाचा तळ, डोक्यावर सुखोई, तरी तिथं घर परवडत नाही म्हणून लोक पुढं वाघोलीला जातात.

म्हणजे विमानतळ घराची किंमत वाढवतं की कमी करतं? दोन्ही करतं. विमानतळाकडे जाणारा रस्ता, नोकऱ्या, हॉटेलं, गोदामं हे किंमत वर ओढतात. आवाज खाली ओढतो. रस्ता पाच-सात किलोमीटरवरच्या घरालाही उपयोगी पडतो. आवाज मात्र धावपट्टीच्या दोन टोकांच्या रेषेत, विमान खाली असताना सगळ्यात जास्त बसतो. त्यामुळे एकाच गावात एका घराला विमानतळ फायद्याचं आणि दुसऱ्याला तोट्याचं होऊ शकतं. आपल्या रेडीरेकनरमध्ये आवाजाचा रकाना नाही. सरकारी दर दोन्ही घरांना सारखाच.

परदेशात याचं मोजमाप झालं आहे. आकार, खोल्या, शाळा, रस्ता सगळं सारखं असलेल्या घरांच्या विक्रीच्या किमती घ्यायच्या आणि आवाजाच्या फरकानं किंमत किती हलते ते काढायचं. जॉन नेल्सन नावाच्या अर्थतज्ज्ञानं २००४ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी केली. अमेरिकेत आवाज एक डेसिबलनं वाढला की घराची किंमत साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आत, ०.५ ते ०.६ टक्के, घटते असं त्यांना दिसलं. कानाला दहा डेसिबलची वाढ जवळजवळ दुप्पट आवाज वाटतो. तेवढ्या फरकानं पाच-सहा टक्के जातात. चाळीस लाखांच्या घरावर दोन लाख ते दोन लाख चाळीस हजार.

हा आकडा ओझरला जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणत नाही. तिकडची घरं काचा लावून बंद असतात, आपल्याकडे एप्रिलमध्ये खिडकी बंद केली तर माणूस शिजेल. जाड दुहेरी काच आवाज अडवते, पण ती लावलेली असली तरच. मुमानींच्या घरी खिडक्या पहाटे फजरला उघडायच्या त्या रात्री निजताना बंद व्हायच्या. दुसरं म्हणजे आपल्याकडे घर घेणारा आधी पाणी विचारतो, मग सातबारा, मग बिगरशेतीचा आदेश, मग मशीद आणि शाळा किती लांब. आवाजाचं तो राहायला आल्यावर बघतो.

आणि मुंबईचा अनुभव विचाराल तर तिथं आवाजापेक्षा उंचीनं लोकांचं जास्त नुकसान केलं आहे. कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले या भागांत विमानाच्या उतरण्या-चढण्याच्या वाटेखाली इमारतीची उंची ठरवून दिलेली असते. जुनी इमारत पाडून मजले वाढवता आले नाहीत तर बिल्डर कशाला येईल? माझी नणंद कुर्ल्याला राहते. विमानाची तिला इतकी सवय झाली आहे की ती ईदला आमच्याकडे आली तर शांततेनं झोप लागत नाही म्हणते. तिच्या इमारतीचा जिना मात्र दरवर्षी थोडा थोडा पडतो आहे. नाशकातही धावपट्टीजवळ जागा घेणाऱ्यानं, किती मजले बांधता येतील आणि त्यासाठी कोणाचा ना-हरकत दाखला लागतो, हे विसार देण्याआधी कागदावर बघावं. एजंटच्या तोंडी शब्दावर मजले चढत नाहीत.

तर मामूंचं घर बघायला एक जोडपं आलं. तरुण मुलगा, त्याची बायको, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. एजंटनं त्यांना मुद्दाम सुट्टीच्या दिवशी आणलं होतं. आकाश निळंशार आणि मुकं. मुलीनं अंगणातला कढीपत्ता बघितला आणि तिथंच घर घेतल्यासारखी हसली. किंमत ठरली, घासाघीस फारशी झालीच नाही. विसार दोन दिवसांनी द्यायचा ठरलं.

त्या रात्री मामूंना झोप आली नाही. सकाळी त्यांनी मला फोन केला, कारण घरात कायद्याचे कागद वाचणारी मीच. "विमानाचं सांगावं लागतं का गं?"

मी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ काढून बसले. कलम ५५ विकणाऱ्यावर जबाबदारी टाकतं: मालमत्तेतला मोठा दोष त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या तो लक्षात येण्यासारखा नाही, तर तो सांगितलाच पाहिजे. मी मामूंना म्हटलं, "ओझरला विमानं उडतात हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. साधारण काळजी घेतली तर कोणालाही कळेल. कायद्यानं तुम्ही सुटता."

"सुट्टीच्या दिवशी बघायला आलेल्यालाही?" मामूंनी विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही. मामूंनीच मग बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस काढली, लहानपणी त्यांनीच आम्हाला सांगितलेली. पैगंबरांनी (स.) ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विकणाऱ्यानं सांगितलं, पावसानं भिजलं. मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. "आपल्या एजंटनं ओलं धान्य खाली ठेवलंय," मामू म्हणाले. "आणि पावसाला दोष देता येत नाही. तो पाऊस मीच पाडायचो कारखान्यात."

माझी मामेबहीण चिडली. तिचंही चुकत नव्हतं. "अब्बा, ते तुमचं नातलग नाहीत. अम्मीला जिना चढता येत नाही." मुमानी काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मामूंना जास्त लागलं असावं.

तरी मामूंनी त्या जोडप्याला फोन करून कामाच्या दिवशी सकाळी चहाला बोलावलं. गप्पा झाल्या, दुसरा चहा झाला, आकाश मुकंच. मामू सारखं घड्याळाकडे बघत होते. आयुष्यभर जो आवाज न बोलावता आला तो बोलावल्यावर येईना. शेवटी साडेअकराच्या सुमारास आला. बाळ दचकून उठलं आणि रडलं. मुलीनं त्याच्या कानांवर हात ठेवले आणि नवऱ्याकडे बघितलं. मामूंनी बाकीचंही सांगून टाकलं: २०१८ च्या जूनमध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि ४ जून २०२४ ला शिरसगावात सुखोई पडलं होतं, दोन्ही वेळा वैमानिक वाचले.

मुलांचा विचार त्या मुलीनं केला ते बरोबरच होतं. जर्मनीत १९९२ साली म्युनिकचं विमानतळ एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवलं, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लक्षात ठेवणं मागं पडलं. जुन्या जागेजवळच्या मुलांचं सुधारलं. तिथं विमानं दिवसभर, रांगेनं. ओझरला दिवसातून काही वेळा. पण आईला सरासरी कळत नाही, तिला दचकलेलं मूल दिसतं.

आवाजाची भरपाई मागता येते हे जगानं एका कोंबड्यांच्या खुराड्यापासून शिकलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात विमानतळाशेजारी कॉसबी नावाच्या कुटुंबाचं कोंबडीपालन होतं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जाऊ लागली. कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटायच्या. सुमारे दीडशे मेल्या आणि धंदा बंद पडला. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की जमिनीच्या मालकाची मालकी थेट आभाळापर्यंत नसते हे खरं, पण इतक्या खालून वारंवार उडणं म्हणजे त्याची जमीन वापरणंच झालं, तेव्हा सरकारनं भरपाई द्यावी. मामूंना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या शेजारच्या कोंबड्या तर विमान गेलं की दाणे टिपायला बाहेर येतात." सवय ही कोंबडीलाही होते म्हणायची.

चार दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. घर घेतो, पण तीन लाख कमी करा. मामूंनी दीड कमी केले. खरेदीखत झालं. एजंट त्याच्या दलालीसकट नाराज. शस्त्रक्रियेतली तूट मामेबहिणीनं भिशीतून भरली, आणि वडिलांना ती महिनाभर "हो", "नाही" एवढंच बोलत होती.

रमजानच्या आधी ते वडाळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. विकणाऱ्यानं नळाचं पाणी दाखवलं, लिफ्ट दाखवली, गच्ची दाखवली. पहिल्या सोमवारी सकाळी मुमानी पाय लांब करून बसल्या होत्या आणि खिडकीची तावदानं थरथरू लागली. गांधीनगरची धावपट्टी तिथून फार लांब नाही. लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण तिथं चालतं. पाठोपाठ देवळालीच्या बाजूनं तोफेचा दबका ठोका आला.

मामेबहीण स्वयंपाकघरातून धावत आली. "अब्बा, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं!"

मामू खिडकीशी उभे होते, डोकं किंचित कललेलं. "चेतक आहे," ते म्हणाले. मग मुमानींकडे वळून विचारलं, "काही बोलत होतीस का?"

"थांबा," मुमानी म्हणाल्या, "जाऊ द्या ते."